लाच घेतल्याचा आरोप बापावर, फोटो फिरतोय मुलीचा. लोकल बातम्यांनी नक्की कुठवर जायचं?

पौडफाटा | मंगळवार, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. दोन आठवडे झाले हे डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले, मोठं होईल, सांभाळून घ्या.

आमच्या बिल्डिंगमधे दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, एका सरकारी ऑफिसात इंजिनिअर. कुठलं ऑफिस, काय नाव ते मी लिहिणार नाही आणि कृपया कोणी अंदाजही लावू नका. त्यांना अँटीकरप्शनवाल्यांनी लाच घेताना पकडलं. सकाळी नेहमीसारखे डबा घेऊन गेले आणि दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर बातमीची लिंक आली.

आधीच सांगते, मला त्यांची बाजू घ्यायची नाहीये. आई गेल्यावर घरपट्टीवर बाबांचं नाव लावायला मी स्वतः आठ महिने हेलपाटे घातलेत. साहेब साइटवर गेलेत, साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या, हे ऐकून ऐकून कान किटलेत. खरंच घेतले असतील तर शिक्षा व्हावी, नोकरीही जावी.

पण पुढं काय झालं ते ऐका. संध्याकाळी एका लोकल यूट्यूब चॅनेलची दोन पोरं आली, वॉचमनला मजला विचारून सरळ वर गेली. दाराचं शूटिंग, नावाच्या पाटीचं शूटिंग, बाहेर काढून ठेवलेल्या चपलांचं शूटिंग. त्या चपलांत मुलीचे शाळेचे काळे बूट होते, ते व्हिडिओत चांगले दोनतीन सेकंद दिसतात. बेल वाजवत राहिले, आतून कोणी दार उघडलं नाही, मग पार्किंगमधे उभं राहून म्हणाले हाच तो आलिशान फ्लॅट. वन बीएचके आहे तो, आमच्यासारखाच, तीस वर्षांची जुनी बिल्डिंग, लिफ्टसुद्धा नाही.

रात्री व्हिडिओ आला. थंबनेलवर एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला वहिनी आणि मुलगी. वहिनींच्या फेसबुकवरून उचललेला गणपतीतला फोटो. मुलीच्या चेहऱ्याभोवती लाल गोल आणि खाली 'याच पैशांवर मजा?' असं. ती दहावीत आहे. चार मिनिटांचा व्हिडिओ मी दोनदा बघितला. काम कुठलं होतं, कुठल्या परवानगीसाठी पैसे मागितले, फाइल किती दिवस अडकवली होती, वर सही करणारा कोण होता, यातलं काहीही त्यात नाही.

आता ती मुलगी कचऱ्याची बादली घेऊन खाली यायची असली तरी तोंडाला स्कार्फ बांधून येते. पुण्यात गाडीवर स्कार्फ सगळ्याच बांधतात हो, पण स्वतःच्या बिल्डिंगचा जिना उतरायला?

मला दोन गोष्टी विचारायच्यात. हे असं करायला कायद्यानं परवानगी आहे का? आणि दुसरं, याला चूक म्हटलं की लगेच 'मग काय भ्रष्टाचार दाबायचा का' असं सोसायटीतले लोक म्हणतात, त्यांना काय उत्तर द्यायचं?

हडपसरकर | मंगळवार, रात्री ११.०५

ताई, मुलीबद्दल वाईट वाटतं, पण मी स्पष्ट बोलतो. पैसे त्याच घरात आले ना? इथं सातबाऱ्यावरची एक नोंद दुरुस्त करायला माझ्या वडलांनी तीन वर्षं घालवली, शेवटी नोंद न होताच गेले ते. अशा लोकांना लाज वाटायचं एकच ठिकाण उरलंय, ते म्हणजे शेजारीपाजारी. कोर्टात केस दहा वर्षं चालते, तोवर माणूस कामावर परत येतो आणि रिटायर पण होतो. मग नाव आणि फोटो छापून आला तर कुठं बिघडलं.

माजी_डेस्क | बुधवार, सकाळी ८.२०

मी एका दैनिकाच्या सिटी डेस्कवर एकोणीस वर्षं काढली, आता सोडलंय. बातमी कशी बनते ते सांगतो म्हणजे कुठं काय घसरतं ते कळेल.

सापळा कसा असतो आधी ते. तक्रारदार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडं जातो, मग ते पडताळणी करतात, म्हणजे पंच बरोबर पाठवून खरंच मागणी होतेय का ते रेकॉर्डिंग करून तपासतात. मग नोटांचे नंबर लिहून घेतात, नोटांना अँथ्रासीनची पावडर लावतात, पैसे स्वीकारले की अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली हात धरतात, बोटं चमकतात. हे सगळं पंचनाम्यात येतं. म्हणजे या बातमीला मुळात कागदाचा चांगला आधार असतो. उगाच कोणी कोणाचं नाव घेतलं असा प्रकार नसतो.

संध्याकाळी प्रेसनोट येते. तिचा ठरलेला साचा आहे. पकडलेल्या माणसाला त्यात 'आलोसे' म्हणतात, आरोपी लोकसेवक. नाव, वय, हुद्दा, ऑफिस, राहण्याचा पत्ता, मागितलेली रक्कम, स्वीकारलेली रक्कम. पूर्वी डेस्कवरचा कोणीतरी पत्ता छाटायचा, 'रा. कोथरूड' एवढंच ठेवायचा, तक्रारदाराची ओळख लागेल असं काही असेल तर तेही काढायचा. आता तीच नोट व्हॉट्सअपवर पन्नास पोर्टलवाल्यांकडं एकाच मिनिटाला जाते, ते अख्खी उचलून टाकतात, आणि ज्याला काहीतरी वेगळं हवं असतं तो कॅमेरा घेऊन तुमच्या जिन्यात येतो. वेगळं म्हणजे ऑफिसातली फाइल बघायला जायला हवं, पण तिथं दोन दिवस मोडतात आणि कोणी दारात उभं करत नाही. जिन्यात दहा मिनिटांत काम होतं. मुलीचा फोटो आला तो यामुळं.

हडपसरकर, तुमचा राग मला समजतो, खोटं बोलत नाही. पण माझ्या हातून झालेलं एक सांगतो. असाच ट्रॅप, रात्रीचे पावणेबारा, पान सोडायची घाई. रिपोर्टरनं नाव दिलं, फोटो नव्हता. जुन्या फोटोंत त्याच खात्याच्या एका कार्यक्रमातला त्याच नावाआडनावाचा माणूस सापडला, मी लावला. वडलांचं नाव वेगळं होतं, ते मी बघितलं नाही. सकाळी तो माणूस ऑफिसात आला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आमचा अंक. ओरडला नाही, भांडला नाही, फक्त म्हणाला, माझी आई गावाला आहे, तिला शेजाऱ्यांनी वाचून दाखवलंय, तिला फोन करून तुम्ही सांगता का. मी केला फोन. तिला नीट ऐकू येत नव्हतं, तीन वेळा सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी आम्ही शुद्धिपत्र टाकलं, आतल्या पानावर, चार ओळी. फोटो पहिल्या पानावर होता आणि शुद्धिपत्र पाचव्या. आज बारा वर्षं झाली, मला ती गोष्ट सोडत नाही.

म्हणून माझं म्हणणं, नाव छापा, हुद्दा छापा, त्याचा स्वतःचा फोटो खात्रीचा असेल तर तोही छापा, तो जनतेच्या पगारावर आहे. पण त्याच्यापलीकडच्या प्रत्येक गोष्टीला डेस्कवर एक प्रश्न विचारायचा असतो, त्याच्या सरकारी कामाशी याचा संबंध काय? पैसे बायकोच्या नावानं गुंतवलेत असं एफआयआरमधे असेल तर तिचं नाव येईल, तो संबंध झाला. गणपतीतल्या फोटोचा काय संबंध?

कोर्टाच्या_पायरीवर | बुधवार, दुपारी १.३७

शिवाजीनगर कोर्टात प्रॅक्टिस करतो. पौडफाटा ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, जरा कोरडं वाटेल.

लोकसेवकानं पदावर असताना काय केलं यावर लिहायला आपल्याकडं बरीच मोकळीक आहे. बदनामीचं कलम पूर्वी आयपीसी ४९९-५०० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६ झालं. दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि आता समाजसेवा पण शिक्षा म्हणून आलीये. पण त्यातच अपवाद आहेत. लोकहितासाठी सांगितलेली खरी गोष्ट, आणि लोकसेवकाच्या सार्वजनिक वागण्यावर प्रामाणिकपणे मांडलेलं मत. २०१६ साली फौजदारी बदनामीचा कायदाच रद्द करा म्हणून सुब्रमण्यम स्वामी आणि इतर सुप्रीम कोर्टात गेले होते, कोर्टानं कायदा कायम ठेवला, तेव्हा हे अपवाद फार जपून वापरावे लागतात.

१९९४ चा राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू हा निकाल पत्रकारितेतल्या प्रत्येकानं एकदा वाचायला हवा. कोर्ट म्हणतं की अधिकाऱ्याच्या कामकाजाबद्दल लिहिलं तर मजकूर चुकीचा निघाला तरी त्याला सहजासहजी नुकसानभरपाई मागता येणार नाही, लिहिणाऱ्यानं वाजवी पडताळणी केलेली असली म्हणजे झालं. पण त्याच निकालात हेही आहे की माणसाला स्वतःचं आणि कुटुंबाचं खासगीपण आहे, लग्न, मुलं, शिक्षण वगैरे, आणि ते त्याच्या परवानगीशिवाय छापता येत नाही. म्हणजे ताई, तुम्ही जी रेघ शोधताय ती तीस वर्षांपूर्वीच आखलेली आहे. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानं खासगीपण मूलभूत हक्क म्हणून पक्कं केलं.

एक गैरसमज मात्र दूर करतो, कारण हे मला कालच कोणीतरी विचारलं. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ इथं थेट लागेल असं मला वाटत नाही. ते कायद्याशी संघर्ष झालेलं मूल, काळजीची गरज असलेलं मूल, पीडित किंवा साक्षीदार मूल यांच्यासाठी आहे. ही मुलगी यातल्या कशातच बसत नाही. तिचा काही संबंधच नाही आणि म्हणून तिला त्या कलमाचं संरक्षणही नाही, हे मलाही विचित्र वाटतं.

करायचं काय? छापील पेपर असता तर प्रेस कौन्सिलकडं जाता आलं असतं. ते ताकीद देतात, निषेध नोंदवतात, दंड किंवा शिक्षा करू शकत नाहीत, पण त्याची नोंद राहते. वेब चॅनेलला ते लागू नाही. त्यांच्यासाठी २०२१ चे आयटी नियम आहेत, त्यात तक्रार अधिकारी नेमून पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असतो. सगळ्यात लवकर होईल ते म्हणजे यूट्यूबच्या प्रायव्हसी तक्रारीचा फॉर्म. तो मुलीच्या आईनं स्वतः भरायला हवा, शेजाऱ्यानं भरून उपयोग नाही. व्हिडिओत कितव्या सेकंदाला चेहरा दिसतो ते नीट लिहा. थंबनेलचं वेगळं लिहा.

शनिवारपेठ | बुधवार, दुपारी ४.१०

वरची पडताळणीची गोष्ट वाचून राहवलं नाही. आपल्या पुण्यातल्या पेपरांचा पहिला मोठा धडा याच विषयावरचा आहे. केसरी सुरू झाला जानेवारी १८८१ मधे आणि १८८२ साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात होते. प्रकरण राजद्रोहाचं नव्हतं, एका अधिकाऱ्याच्या बदनामीचं होतं. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतोय आणि त्यामागं कारभारी माधवराव बर्वे आहेत असं केसरी आणि मराठा दोन्हीत आलं. आधाराला बर्व्यांची म्हणून काही पत्रं होती. कोर्टात ती पत्रं बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, पण बर्व्यांनी खटला सोडला नाही. चार महिन्यांची शिक्षा झाली, १०१ दिवसांनी सुटले.

लोकांनी त्यांचं स्वागत केलं, नाव झालं, ते सगळं ठीक. पण महाराजांचे हाल होतायत ही कळकळ खरी होती आणि हातातला कागद खोटा होता, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कळकळ आहे म्हणून कागद खरा ठरत नाही. आज तर कोणी पण स्क्रीनशॉट बनवून पाठवतं, आणि लोकल पोर्टल 'व्हायरल चॅट' म्हणून लावून मोकळं होतं.

रोज_पीएमपी | बुधवार, सायंकाळी ७.५५

वाचतेय. खूप चांगली माहिती. त्या मुलीला कोणीतरी शाळेत सोडायला जातंय का?

कर्वेरोडवाली | बुधवार, रात्री ९.३०

मी थोडं दुसऱ्या बाजूनं पण बोलते आणि मग परत इकडंच येते.

२०२४ ची दोन प्रकरणं आठवा. १९ मे च्या पहाटे कल्याणीनगरला पोर्शेनं दोन तरुण इंजिनिअरना उडवलं. पहिल्या दिवशी त्या अल्पवयीन आरोपी मुलाला जामीन आणि तीनशे शब्दांचा निबंध, एवढ्यावर ते मिटलं असतं. लोकल पत्रकार रोज विचारत राहिले, रक्त कधी घेतलं, किती वाजता, कोणी घेतलं, पोलीस स्टेशनला कोण आलं होतं. २७ मे ला रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली, येरवड्याचे पोलीस अधिकारी निलंबित झाले. मी त्या आठवड्यात रोज सकाळी पेपर आधी वाचायचे आणि मग चहा. सरकारी माणसावर बातमी करायची तर ती अशी. वेळ, सही, रजिस्टर. त्या मुलाचा चेहरा दाखवायची जी धडपड काही जणांनी केली तिच्यातून एकही अटक झाली नाही.

दुसरं जुलैमधलं, कलेक्टर ऑफिसात ट्रेनिंगला असलेल्या आयएएस बाईंचं. स्वतंत्र केबिनची मागणी, गाडीवरचा दिवा, कलेक्टरांनी वर पाठवलेला अहवाल, सर्टिफिकेटं कुठून कशी मिळवली, हे सगळं बाहेर यायलाच हवं होतं, ३१ जुलैला यूपीएससीनं उमेदवारी रद्द केली. पण मधल्या दिवसांत चॅनेलवर काय चाललं होतं आठवतंय का? ती नीट चालते, मग दिव्यांग कशी, ती हसते, मग आजारी कशी. माझा भाऊ कमी दृष्टीचा आहे, ४० टक्क्यांच्या वरचं सर्टिफिकेट आहे, चष्मा लावून चालतो फिरतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. त्या महिन्यात त्याच्या ऑफिसात त्याला विचारलं, तुझं पण तसलंच का रे? तो घरी येऊन काही बोलला नाही, जेवला नाही. वहिनीनं मला रात्री फोन करून सांगितलं. सर्टिफिकेट देणाऱ्या बोर्डाच्या कामावर बातमी केली असती तर हे झालं नसतं, त्यांनी शरीरावर केली.

म्हणजे घरच्यांना ओढलं की एका कुटुंबाला लागतं, आणि माणूस दिसतो कसा यावर बोललं की अनोळखी हजारो लोकांना लागतं. दोन्हीकडं ज्यानं गुन्हा केला त्याला काही जास्तीची शिक्षा होत नाही.

हडपसरकर | बुधवार, रात्री १०.१५

पोरीचा फोटो चूक. मान्य करतो, काल रागात लिहिलं. मला पण दोन मुली आहेत. पण नाव छापण्यावर मी ठाम आहे. नाव लपवलं तर पुढच्या टेबलवाल्याला भीती कशाची वाटणार?

तक्रारदार_होतो | बुधवार, रात्री ११.४८

इथं कोणी माझ्या बाजूनं बोललं नाही म्हणून लिहितो. मी तो माणूस आहे जो लाचलुचपतवाल्यांच्या १०६४ नंबरला फोन करतो. एका परवान्यासाठी माझ्याकडं पैसे मागितले होते, किती आणि कुठं ते नको. २०१८ पासून लाच देणारा पण गुन्हेगार धरतात, जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवलं तर सुटका आहे. मी देण्याच्या आधीच गेलो होतो. पडताळणीच्या दिवशी खिशात रेकॉर्डर होता आणि हात असा थरथरत होता की मी चहाचा ग्लास उचललाच नाही, साहेब म्हणाले घ्या ना चहा, आणि मी नुसता बसून राहिलो.

ट्रॅप झाला. पेपरमधे माझं नाव आलं नाही, पण आलं काय, 'अमुक भागातील अमुक व्यावसायिक'. त्या भागात तो धंदा करणारे आम्ही दोघंच. दुसरा माझा चुलतभाऊ. संध्याकाळपर्यंत सगळ्या ऑफिसला माहीत. पुढची दोन वर्षं माझा एकही कागद पुढं सरकला नाही. कोणी पैसे मागत नव्हतं, कोणी बोलतच नव्हतं. फायरचं सर्टिफिकेट, गुमास्ता, काहीही न्या, 'ठेवा, बघतो'.

पत्रकार मित्रांना एवढंच सांगणं आहे, तक्रारदाराचं नाव गाळलं म्हणजे काम झालं असं नसतं. धंदा, भाग, वय, तीन गोष्टी एकत्र लिहिल्या की नाव लिहिल्यासारखंच आहे. त्यातल्या दोन काढा. बातमीचं काहीच नुकसान होत नाही.

शनिवारपेठ | गुरुवार, सकाळी ७.४०

दादा, तुमचं वाचून क्रॉफर्ड प्रकरण आठवलं. १८८८ चं, ते पण पुण्याचंच. आर्थर क्रॉफर्ड इथं मध्य विभागाचा कमिशनर होता, ज्याच्या नावाचं मुंबईत मार्केट आहे तोच. मध्यस्थामार्फत पैसे घेऊन बदल्या बढत्या करतो असे आरोप. सरकारनं मामलेदारांना, म्हणजे तेव्हाच्या तहसीलदारांना, अभय दिलं, या आणि खरं सांगा. त्यांनी सांगितलं, पैसे दिले म्हणून. नंतर त्याच कबुलीवरून काही मामलेदारांच्या नोकऱ्या गेल्या. टिळकांनी त्यांची बाजू लावून धरली, दिलेला शब्द पाळा म्हणून. खरं बोलणाऱ्याला उघडं पाडायचं नाही हे तेव्हाही कोणाला तरी ओरडून सांगावं लागलं होतं.

अर्जदार | गुरुवार, सकाळी ११.२५

माहिती अधिकारात पंधरा वर्षं अर्ज करतोय. सगळं वाचलं. मुलीचा फोटो, तक्रारदाराची ओळख, दोन्हीवर शंभर टक्के सहमत. पण एक धोका कोणीच बोललं नाही. 'खासगी' हा शब्द अधिकाऱ्यांना फार आवडतो. सुप्रीम कोर्टाच्या २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालानंतर अधिकाऱ्याला दिलेली नोटीस, मेमो, शिक्षा, हे सगळं वैयक्तिक माहिती म्हणून नाकारायला लागले, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकाराचं ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारायचं कलमच आणखी आवळलं. तेव्हा पत्रकारांनी घरात घुसू नये हे म्हणताना ऑफिसात घुसू नये असा अर्थ कोणाला काढू देऊ नका. मार्च २०२२ मधे पुणे पालिकेची मुदत संपली, त्यानंतर कित्येक वर्षं सभागृहात प्रश्न विचारायला नगरसेवकच नव्हते. तेव्हा जे काय विचारलं ते पेपरवाल्यांनी आणि आमच्यासारख्या अर्जदारांनी. तळेगावचे सतीश शेट्टी जमिनीची प्रकरणं अशीच काढत होते, १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. तक्रार करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली संसदेत पास झाला, तो लागू करायची तारीख काही आली नाही.

आता हडपसरकरांचा मुद्दा, भीती कशाची वाटणार. माझा अनुभव सांगतो. अटकेच्या दिवशीच्या बातमीची भीती आठ दिवस टिकते. खरी भीती पुढच्या कागदांची असते आणि ते कोणी छापत नाही. अठ्ठेचाळीस तासांच्यावर कोठडी झाली की निलंबन मानलंच जातं, घरी बसून निर्वाह भत्ता सुरू होतो. मग खटला भरायला सरकारची मंजुरी लागते, लाचलुचपत कायद्याचं कलम १९. ती तीन महिन्यांत द्यावी, फार तर एक महिना वाढवून, असं २०१८ पासून कायद्यात लिहिलंय. ती फाइल कुठल्या टेबलावर आहे? मंजुरी आली की नाकारली? माणूस कामावर परत आला का, आला तर त्याच खुर्चीवर का? निर्दोष सुटला असेल तर ती बातमी पण अटकेच्या बातमीएवढीच मोठी आली का? हे कोण विचारतं? त्या यूट्यूबवाल्याला म्हणावं, जिन्यात गेलास तसा सहा महिन्यांनी मंत्रालयात जा.

माजी_डेस्क | गुरुवार, दुपारी २.०५

अर्जदार, हे अगदी खरं. आमच्याकडं ट्रॅपच्या बातमीला बीट होतं, म्हणजे त्यावर ठरलेला रिपोर्टर असायचा, मंजुरीच्या बातमीला नव्हतं. कोणाची तरी डायरी हवी की ही केस अमुक तारखेची, चार महिने झाले, आता फोन करा. एकोणीस वर्षांत मी अशी डायरी ठेवणारा एकच रिपोर्टर पाहिला, त्याची बदली पुरवणीला झाली.

पौडफाटा | रविवार, रात्री ९.१८

चार दिवसांनी येतेय, सगळ्यांचे मनापासून आभार.

वकील साहेबांनी सांगितलं तसं मी वहिनींकडं गेले. त्यांनी दार अर्धवट उघडलं, मला बघून पूर्ण उघडलं. त्यांच्याच फोनवरून आम्ही दोघींनी फॉर्म भरला, १ मिनिट ७ सेकंदापासून चेहरा, थंबनेल वेगळं, सगळं लिहिलं. मुलगी आतल्या खोलीच्या दारात उभी राहून बघत होती, मधेच म्हणाली, काकू, बुटांचं पण लिहा. मी लिहिलं. काल थंबनेल बदललंय, मुलगी काढली. व्हिडिओतला भाग अजून आहे, वाट बघतोय. सोसायटीच्या ग्रुपवर जुना फोटो आहेच, सेक्रेटरींना भेटून डिलीट करायला सांगितलं, त्यांनी केला, पण कोणी कोणी सेव्ह केलाय ते कसं कळणार.

रोज_पीएमपी, तुम्ही विचारलंत ना, आता मी सोडते तिला सकाळी. माझा रस्ता तोच आहे.

आणि अर्जदार दादा, तुमचं वाचल्यावर मी दोन दिवस विचार केला. ज्या घरात जाऊन फॉर्म भरला त्याच माणसाच्या केसबद्दल अर्ज करायचा म्हणजे दुटप्पीपणा होईल का. मला नाही वाटत तसं. माझे आठ महिने गेलेत त्या खुर्च्यांसमोर. वहिनींनाही सांगितलं मी, लपवून नको करायला. त्या गप्प बसल्या थोडा वेळ आणि मग म्हणाल्या, करा. अर्जात काय लिहायचं ते सांगाल का? नाव घालायचं नाहीये.

अर्जदार | रविवार, रात्री १०.४०

ताई, नाव घालूच नका, घातलंत तर वैयक्तिक माहिती म्हणून पहिल्या फटक्यात नाकारतील. अख्ख्या खात्याचं मागा. असं लिहा, 'गेल्या पाच वर्षांत आपल्या विभागातील लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळा प्रकरणांत कलम १९ नुसार अभियोग मंजुरीसाठी आलेल्या प्रस्तावांची संख्या, प्रत्येक प्रस्ताव मिळाल्याचा दिनांक, त्यावर निर्णय झाल्याचा दिनांक, निर्णय मंजुरीचा की नकाराचा, आणि आज प्रलंबित असलेल्या प्रस्तावांची संख्या. तसेच निलंबन मागे घेऊन पुन्हा रुजू करून घेतलेल्यांची संख्या व त्यांना त्याच पदावर नेमले आहे काय.' दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर वीस रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील, ते मी लिहून देतो.

माजी_डेस्क | रविवार, रात्री ११.०२

उत्तर आलं की त्याची प्रत मला पाठवा ताई. अजून दोन डेस्कवर माझी माणसं आहेत, त्यांच्या हातात नेऊन देतो.

पौडफाटा | सोमवार, दुपारी १२.५०

दिला. पोच घेतली. खिडकीतल्या बाईंनी दोनदा वाचला आणि विचारलं, कुठल्या पेपरच्या का तुम्ही? नाही म्हटलं, इथंच राहते.